बत्तीस रिकामी घरं

३ जानेवारी
आजपासून रोज एक तास स्वरलिपी. हे बँडमध्ये एकतीस वर्षं कॉर्नेट, म्हणजे छोटं ट्रम्पेट, वाजवायचे आणि सगळ्या वाद्यांचे कागदही हेच लिहायचे. शेवटची धून मात्र अर्धवट ठेवून गेले. बाकी सगळ्यांचे कागद भरलेले. यांच्या स्वतःच्या कागदावर मधोमध नुसती एक जाड रेघ आणि वर ३२ चा आकडा. म्हणजे तालाची बत्तीस घरं भरायची राहिली. ती मी भरणार. मार्चच्या कार्यक्रमात यांची धून पुरी वाजली पाहिजे. वेळ भरपूर आहे.

८ जानेवारी
ग्रंथालयातून पुस्तक आणलं. अक्षरं तरी मला कोणी शिकवली? लग्नानंतर दुकानांच्या पाट्या वाचत शिकले. त्यापुढे हे काहीच नाही. चार धडे संपले. पाचवा विश्रांतीच्या खुणांचा, तो सोडला. न वाजवायचं काय शिकायचं?

१९ जानेवारी
धाकटे दीर आले होते. बँडमध्ये मोठा ड्रम त्यांच्याकडे. म्हणाले, वहिनी, भरण्याआधी एकदा बँडच्या मास्तरांना विचारा. मी म्हटलं, भावजी, ड्रम बडवायला कागद लागत नाही, तुम्ही यात पडू नका. चहा न घेताच गेले. घाईत असतील.

२ फेब्रुवारी, दुपार
कॉर्नेट फुंकून पाहिलं. शेजारीण विचारायला आली, मोरी तुंबली का. वाद्य बिघडलंय बहुतेक.
सात घरं झाली. यांच्या मनातलं मला न सांगता कळायचं. शेवटच्या वर्षी जिना चढताना दोनदा थांबायचे. म्हणायचे, ताल मोजतोय. मीही पिशवी घेऊन गप्प उभी राहायचे. कलावंताला अशा वेळी टोकू नये.

२१ फेब्रुवारी
बत्तीस पूर्ण. एकही जागा मोकळी सोडली नाही. हे असते तर म्हणाले असते... काय म्हणाले असते ते नंतर लिहीन.

५ मार्च
तालीम. नव्या कॉर्नेटवाल्यानं माझी घरं वाजवली. त्यांच्याखाली बाकीचा बँड अगदी हळू काहीतरी वाजवत होता, ते ऐकूच येईना. मास्तरांनी हात वर केला, सगळ्यांना चहाला पाठवलं. भावजी तेवढे ड्रमची दोरी आवळत बसले, आवळलेलीच होती तरी.
मास्तर म्हणाले, "वहिनी, जाड रेघ आणि वर आकडा म्हणजे तेवढी घरं गप्प बसायचं. त्यानं पुरंच लिहिलं होतं. दम पुरत नव्हता त्याला. घरी बोलू नका म्हणाला."
मी म्हटलं, मला माहीत होतं.

६ मार्च
माहीत होतंच. तसं अंदाजानं.
पाचवा धडा वाचला. दोनच पानं आहेत.

१७ मार्च
कार्यक्रम झाला. धून यांनी लिहिली तशीच वाजली. त्या जागी नव्या वादकानं कॉर्नेट मांडीवर ठेवलं. मी घरं मोजत होते, बाराव्याला चुकले. कॉर्नेट पुन्हा सुरू झालं तेव्हा कळलं, बत्तीस संपली.
घरी येताना जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. अठराच आहेत.