साहेबांची सही कोणाकडे

सोमवार, ३ मार्च

सहीची फाईल बंद! इतकी वर्षं रोज सकाळी फाईल घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये जायचं, सहीच्या जागी पिवळी चिठ्ठी, पेनाचं टोपण मी काढून द्यायचं — तेवढा वेळ साहेब फक्त माझे असायचे. आता म्हणे डिजिटल सही. बोटाएवढं डोंगल कॉम्प्युटरला लावायचं, पिन टाकायचा, झाली सही! आणि हे सगळं बघणार कोण? तर नवी आलेली ती मुलगी. दिवसभर की-बोर्डवर टकटक चालू असते, म्हणून मी तिला टकटकच म्हणते. मनातल्या मनात.

मला काकू म्हणते. ऑफिसात!

गुरुवार, ६ मार्च

केबिनचं दार लावून दोघं आत. काचेतून सगळं दिसत होतं. साहेब चक्क खुर्चीतून उठून तिच्या स्क्रीनवर वाकून बघत होते. माझ्या फाईलवर कधी वाकले नाहीत, बसल्याबसल्या सह्या करायचे. नुसता जळफळाट झाला माझा. लिहूनच टाकते, इथे कोण बघतंय.

सोमवार, १० मार्च

टकटकने सगळ्यांना बसवून धडे दिले. डोंगल आणि पिन ज्याची सही त्याच्याच ताब्यात हवेत. दुसऱ्याने वापरले तर ती सही कोर्टात टिकेलच असं नाही. आणि प्रत्येक सहीबरोबर वेळ उमटते, ती नंतर कोणाच्या बापाला बदलता येत नाही. (हे शब्द माझे. ती फार गोड बोलते.) शेवटी सगळ्यांदेखत — "काकू, समजलं ना?"

समजलं हो! हिच्या गळ्यातल्या पट्ट्याला डोंगल लटकतंय ते काय आम्हाला दिसत नाही? साहेबांची सही हिच्या गळ्यात, आणि अक्कल शिकवणार आम्हाला!

बुधवार, १२ मार्च

नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, "बरं झालं की, तुझी कटकट गेली!" या माणसाला काही सांगण्यात अर्थ नाही.

शुक्रवार, १४ मार्च

साहेबांचं सोमवारी पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. निघताना मला आत बोलावलं. दार लावलं — माझ्यासाठी दार लावलं! डोंगल माझ्या तळहातावर ठेवलं, हळूच पिन सांगितला. "गोदामाचा भाडेकरार सोमवारी येईल. आला की माझी सही करून टाका. बाई, तुमच्याशिवाय कोणावर सोडू?"

म्हणजे शेवटी तिच्याकडून काढून घेतलंच! टकटकच्या टेबलासमोरून उगाचच दोन फेऱ्या मारल्या.

सोमवार, १७ मार्च

करार सकाळीच आला. टकटक म्हणते, "काकू, साहेब परत येईपर्यंत थांबू या ना." थांबतेय मी! तिच्यासमोर डोंगल लावलं, पिन टाकला, सही करून करार पाठवूनही दिला. तिचं तोंड एवढंसं झालं. वा!

शुक्रवार, २८ मार्च

आभाळ फाटलं. गोदामवाल्याला दुसरीकडे जास्त भाडं मिळतंय, त्याला करार मोडायचाच होता. त्याच्या वकिलाने सहीची वेळ काढली. त्या वेळी साहेब भूल देऊन ऑपरेशनच्या टेबलावर होते! मग सही कोणी केली? साहेबांनीच आदल्या दिवशी फोन करून गोदामवाल्याला ऑपरेशनची वेळ सांगितली होती, आजारपणाचं कौतुक करून घ्यायला. आता कंपनीचे वकील चौकशी करणार.

टकटकने पाणी आणून दिलं. तेव्हा कळलं, तिच्या गळ्यातलं डोंगल तिचं स्वतःचं आहे. साहेबांनी आपलं आधी तिलाच देऊ केलं होतं, तिने हात जोडले. म्हणजे तिने नको म्हटलेलं मला मिळालं! करार गेला तो गेलाच, पण हे जास्त झोंबलं.

सोमवार, ३१ मार्च

साहेबांनी बोलावलं. पुन्हा दार लावलं. "गुरुवारी विचारतील. सांगा, डोंगल त्या मुलीकडे होतं. मीही तेच सांगतो. तिला कुठेही नोकरी मिळेल. तुम्हाला या वयात कोण घेणार?"

खरंच आहे. तिच्या गळ्यातला पट्टा सगळ्यांनी पाहिलाय, कोणीही विश्वास ठेवेल. ती जाईल, मी राहीन. हेच तर हवं होतं मला! हो म्हटलं. संध्याकाळी टकटक लिफ्टपाशी भेटली, माझ्यासाठी दार धरून उभी होती. मी जिन्याने उतरले.

गुरुवार, ३ एप्रिल

वकिलांनी विचारलं, "साहेबांची सही कोणाकडे होती?" शेजारी माणूस एकेक शब्द टाईप करत होता. तिचं नाव अगदी ओठांवर आलं, देवाशपथ. मग वाटलं, हे कागदावर कायमचं राहणार — साहेबांनी विश्वासाने सही सोपवली ती तिच्याकडे. तिच्याकडे!

"माझ्याकडे," म्हटलं. जरा मोठ्यानेच.

नोकरी गेली. टकटक जिन्यात गळ्यात पडून रडली. "काकू, माझ्यासाठी केलंत तुम्ही हे!"

तिच्यासाठी!