तेहतिसावं वाण

जळकोट,
दि. १४ ऑगस्ट २०२३

चि. योगीराज यास,

जळकोटहून आक्काचे आशीर्वाद. इकडं सगळं ठीक. तिकडं आईचे गुडघे कसे आहेत? मंजुषाला सांग, तिनं दिलेलं शेवग्याचं रोप जगलं. पावसानं ओढ दिलीय, सोयाबीन ऐन फुलात आणि रानाला भेगा पडायला लागल्यात. तांबडी गाय व्याली, कालवड झाली.

सगळं ठीक, हे खोटं आहे. पत्राची सुरुवात तशी करतात म्हणून केली.

फोन का केला नाही, ते तुला कळायला पाहिजे. फोन केला की तू स्पीकरवर टाकतोस आणि कात्रीनं गोळ्यांची पट्टी कापत बोलतोस, समोर चार गिऱ्हाइकं उभी. व्हॉट्सॲपवर लिहावं तर आधी मंजुषा वाचते, मग आई, मग गल्ली. म्हणून हे पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय. काउंटरवर उघडू नकोस. आत खोक्यांच्या मागं जा, एकटा बस आणि वाच. तू दाजींची राखली नाहीस तेवढी अब्रू मी तुझी राखतेय.

अधिकात तू आम्हाला धोंड्याच्या जेवणाला उमरग्याला बोलावलंस. आईनं गुडघे दुखत असताना पुरणाचे धोंडे केले, तुपाची धार सोडली, दाजींना पाटावर बसवून नारायण म्हणून ओवाळलं. सगळी भावकी होती, शेजारचे कल्याणप्पा काका होते. मला लई बरं वाटत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मूल नाही, म्हणून दर कार्यक्रमात बायका माझ्या ओटीकडं एक नजर टाकून गप होतात. त्या दिवशी कुणी तसं बघितलं नाही. मग तू वाणाचं तांब्याचं ताट आणलंस, वर क्रोशाचा रुमाल. दाजींनी दोन्ही हातांनी घेतलं. रुमाल तूच उचललास आणि मोठ्यानं म्हणालास, "बत्तीस अनारसे मोजून घ्या, दाजी. तेहतिसावं वाण माझ्या दुकानातलं. जेनरिक न्हाय हां, कंपनीचं."

अनारशांवर ते चकचकीत खोकं होतं. त्यावर तू हळदी-कुंकू पण लावलं होतंस.

आधी कुणाला कळलं नाही. मग तुझ्या मित्रानं खोक्यावरचं नाव वाचलं आणि हसायला सुटला. मग सगळी पंगत हसली. कल्याणप्पा काका तर खोकला लागेपर्यंत हसले. आई बिचारी विचारत होती, काय हाय रं, कशाची गोळी हाय? आणि तू आपल्या आईला सांगितलंस, ताकदीची.

जावयाची थट्टा करायचा मान मेहुण्याचा, कबूल. धोंड्यात कुणी दगड घालतं, कुणी पानात मिरची घालतं. मी पण हसलेय असल्या थट्टेला. पण दाजींची ती औषधाची चिठ्ठी तुझ्याकडं दुकानदार म्हणून आली होती, मेहुणा म्हणून नाही. डॉक्टरची चिठ्ठी बघून जो माणूस तिचं वाण करतो, त्यानं औषधाचं दुकान बंद करावं आणि तमाशाचा फड काढावा.

आता तुला माहीत नाही ते सांगते. सांगायला लाज वाटत होती, पण तू ती चव्हाट्यावर मांडलीसच, मग मी कशाला झाकू?

दाजींना शुगर आहे ते तुला माहीत आहे. तिच्या मागून हे दुखणं कधी आलं, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. ते आपले पाठ करून झोपायचे आणि मला वाटायचं, मी नकोशी झाले. सासूबाई मला अंगारे लावत होत्या, माझी तपासणी, माझे उपास. मी बोलले नाही, दाजींनी बोलू दिलं नाही. शेवटी ह्या उन्हाळ्यात मीच त्यांना सोलापूरला डॉक्टरीणबाईंकडं ओढून नेलं.

त्यांनी मलाही आत घेतलं. म्हणाल्या, शुगरनं बारक्या रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात, डोळ्यांच्या होतात, पायांच्या होतात, तशा तिथल्याही होतात. यात मर्दपणाचा काय संबंध? छातीत दुखतं का, जिभेखाली ठेवायची गोळी घेता का, बीपीला काय चालू आहे, सगळं खोदून विचारलं. हृदयाची ईसीजीची पट्टी काढली. मग चिठ्ठीवर सिल्डेनाफिल लिहिलं, पन्नासची. ह्यांनी विचारलं, कंपनी कुठली? बाई म्हणाल्या, हे औषधाचं स्वतःचं नाव आहे, कंपनी कुठलीही चालेल. ज्यांनी पहिल्यांदा काढलं त्यांचा एकट्याचा हक्क कधीच संपला, आता पुष्कळ जण करतात. आतलं औषध तेच आणि तेवढंच. मोठ्या नावाचे आणि जाहिरातीचे पैसे त्यात नाहीत म्हणून ते स्वस्त. एका दिवसात एकच घ्यायची, आणि मनातच काही नसेल तर गोळी आपण होऊन काही करत नाही. बाहेर आल्यावर जिन्यात उभे राहून दाजी रडले. मला म्हणाले, आजार हाय व्हय हा, मला वाटलं मीच संपलो.

तिथंच स्टँडजवळच्या जेनरिकच्या दुकानातून पट्टी घेतली. साधी पांढरी पट्टी, खोकं सुद्धा नाही. आणि योगीराज, मी तुझी मोठी बहीण आहे, तुला कडेवर घेऊन फिरले आहे, तरी लिहिते. त्या साध्या पट्टीनं आमचा संसार परत सुरू झाला. दाजी माझ्याशी गप्पा मारायला लागले. सकाळी दूध काढताना शीळ घालायला लागले.

पट्टी संपली तेव्हा पेरणी तोंडावर होती. सोलापूरला जायला सवड नाही. आणि दुकान घरचं, मग औषध दुसरीकडून घ्यायचं नाही हा नियम तुझाच. मागं एकदा शुगरची गोळी तुळजापूरहून आणली तर किती दिवस रुसला होतास! म्हणून ते तुझ्याकडं आले. गिऱ्हाईक सरेपर्यंत खिशातल्या चिठ्ठीवर हात ठेवून कोपऱ्यात उभे राहिले. आपलीच मोरी अन् अंघोळीची चोरी. आणि तू चिठ्ठी वाचून काय म्हणालास, ते त्यांनी मला पुढं दवाखान्यात पडले तेव्हा सांगितलं. जेनरिक म्हणजे गरिबाची गोळी, तापाबिपाला ठीक, असल्या कामाला हलका माल चालत न्हाय. चिठ्ठीवर पन्नास लिहिलेलं असताना तू शंभरची दिलीस, मोठ्या नावाची. म्हणालास, घ्या, ह्यात दम हाय. एकदाच घेतली त्यांनी. डोकं फुटायला आलं, तोंड लाल, डोळ्यांपुढं निळसर दिसायला लागलं. बाकीची तशीच ठेवून दिली, तुला वाईट वाटंल म्हणून तुला बोलले नाहीत.

हलका माल म्हणे! तुझ्याकडची शुगरची स्वस्त गोळी चालते, बीपीची चालते, आईच्या गुडघ्याचं मलम चालतं. तेव्हा नाही आठवत गरीब आणि श्रीमंत. फार्मसी शिकलास ना रे तू? आबांनी रान विकून शिकवलं. मग कशात काय असतं ते तुला माहीत होतं. माहीत असून बोललास. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

जेवणाहून निघालो तेव्हा दाजींनी उमरग्यापासून जळकोटपर्यंत गाडी कुठं थांबवली नाही. दुसऱ्या दिवशीपासून शेतातल्या कोठ्यावर, गुरांपाशी झोपायला लागले. तुझं खोकं उकिरड्यात गेलं. पण पंगतीत हात धुताना कल्याणप्पा काका त्यांच्या कानाशी लागले होते की गोळीबिळी सोडा, हायवेला एक तंबूवाला बसतो, त्याच्याकडं जडीबुटी मिळती, अस्सल. ह्यांना वाटलं, आता गोळीशिवाय बरं होऊन दाखवायचं. दुधातून ती पुडी घ्यायला लागले. आणि मंगळवारी सकाळी दावणीपाशी धाडकन पडले. बीपी इतकं खाली गेलेलं की सासूबाईंना वाटलं, गेलाच. सोलापूरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी पुडी हुंगली, कपाळाला हात लावला. म्हणाल्या, असल्या पुड्यांत बऱ्याचदा हीच गोळी कुटून घातलेली असते, किती ते घालणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि वर ह्यांची बीपीची गोळी चालू. म्हणजे जी गोळी मापानं घ्यायची लाज तू त्यांना लावलीस, तीच त्यांनी बिनमापाची खाल्ली.

तू सफरचंदं घेऊन दवाखान्यात आलास. मला वाटलं, आता तरी पायाशी बसेल. तू सलाईनकडं बघून म्हणालास, कंपनीची सोडून झाडपाल्याच्या नादी कशाला लागलात, दाजी? आणि हसलास. शेजारच्या खाटेवरचा माणूस पण हसला. तेव्हा तू मला परका झालास.

तू गेल्यावर सासूबाई माझ्यावर ओरडल्या. म्हणाल्या, तुमच्या घरी जेवायला आमचा सोमेश धाडला, तुम्ही परत काय धाडलं? आयुष्यात पहिल्यांदा त्या मला बोलल्या आणि मला ते बरोबर वाटलं.

आता खरं ते. तू ते ताट पुढं केलंस ना, तेव्हा मला दिवस गेलेले होते. सकाळीच खात्री झाली होती. पंगत उठली की आत जाऊन आईच्या कुशीत तोंड घालून सांगायचं, मग परतीच्या वाटेवर गाडी थांबवून दाजींना सांगायचं, असं मी मनात सगळं ठरवलं होतं. माझ्या आयुष्यातला तेवढा एक दिवस होता, योगीराज. आईला सांगायला तोंड उघडलं तर आत बायकांत तीच खुसपूस. मी तशीच परत आले. दाजींना सांगावं तर ते कोठ्यावर, माझ्याकडं बघेनात. शेवटी परवा दवाखान्यात सांगितलं, ते जरा बसते झाल्यावर.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आनंदानं. मग म्हणाले, "महेश्वरी, लोक म्हणतील गोळीचं हाय."

बाप होणाऱ्या माणसाच्या तोंडात हे पहिलं वाक्य तू घातलंस. मी रडले नाही. मला इतका राग आला की हातातला पेला भिंतीवर आपटला. नर्स धावत आली.

आणि ते खरं बोलले. गावाला नाव ठेवायला काय लागतं? उमरग्यातून जळकोटला बातमी यायला एक एसटी पुरे. माझं लेकरू शाळेत जाईल, भांडेल, कुणाचं तरी पोरगं म्हणेल, ए गोळ्या. त्याच्या बारशाच्या आधी तू त्याचं नाव ठेवून मोकळा झालास.

म्हणून ऐक. पंचमी सोमवारी आहे. यंदा मला न्यायला मुराळी म्हणून यायचं असेल तर त्याच्या आधी एक काम कर. धोंड्याच्या पंगतीला जी जी माणसं होती, ती सगळी परत घरी बोलाव. चहा पाज, काय पाजायचं ते पाज. आणि सगळ्यांपुढं, आईपुढं, कल्याणप्पा काकांपुढं सांग, की दाजींना शुगरनं दुखणं आलं, त्याचं साधं औषध असतं, जेनरिक असलं तरी तेच असतं, त्यांनी ते डॉक्टरला विचारून घेतलं आणि मी दुकानदार असून त्यांची चिठ्ठी फोडली. आत्तापर्यंत तुला बोलायला कधी शब्द कमी पडले नाहीत, आताही पडणार नाहीत. चेष्टेत सांगितलंस तर मला कळेल. आई मला सांगेल. बाळाचं मात्र कुणाला सांगू नकोस. ते मी सांगीन, मला वाटेल तेव्हा, मला वाटेल त्याला.

दाजी घरी आलेत. अजून अशक्त आहेत. काल अंगणात खाट टाकून बसले होते, कालवडीला हात चाटू देत होते. डॉक्टरीणबाईंनी महिनाभर फक्त शुगरचं बघा म्हणून सांगितलंय, बाकीचं नंतर, तपासून. आमच्या घरात आता एकही गोळी तुझ्या दुकानातून येणार नाही. रुसायचं तर खुशाल रूस.

आणि हे जमणार नसेल तर येऊ नकोस, मी वाट बघणार नाही. पुढच्या वर्षी बाळाचं जावळ काढू. जावळाला मामाची मांडी लागते. मी त्याला त्याच्या बापाच्या मांडीवर बसवीन, आणि पाहुण्यांनी विचारलं की मामा कुठाय, तर सांगीन, मामा गिऱ्हाईक हसवतोय.

आईला नमस्कार. तुला काय लिहावं ते सुचत नाही.

सोमेशरावांची बायको,
महेश्वरी