बेकरीच्या दारातली बाई

२ ऑक्टोबर १९६७, सोमवार
वेनिंगफर्डला पोचलो. सफोकमधली पुष्कळ गावं पाहिली, पण इतकं टापटीप गाव पाहिलं नव्हतं. इथल्या एका छायाचित्रकाराने साठ-सत्तर वर्षांपूर्वी रस्तान् रस्ता टिपून ठेवला. त्याच्या फोटोंच्या चारशे बारा काचा, म्हणजे काचेवरच्या निगेटिव्ह, वाचनालयामागच्या खोलीत धूळ खात पडल्यात. त्या पुसायच्या, क्रम लावायचा, प्रती काढायच्या. घरमालकीण मिसेस गॅरड दारातच म्हणाल्या, फोटोवाला म्हणजे आता घरभर फोटो धुवायच्या औषधांचा वास सुटणार. मग सशाचा रस्सा दोनदा आग्रहाने वाढला. मजेत जाणार इथले दिवस.

५ ऑक्टोबर, गुरुवार
चर्च स्ट्रीटची काच सापडली, सन १८९९. दगडन् दगड मोजून घ्यावा इतकी स्वच्छ. फक्त छापून पाहिल्यावर बेकरीच्या काळोख्या दारात एक पांढरट डाग होता, ना नाक ना डोळे. फोटो घेताना माणूस हलला की काचेवर असाच धूर उरतो, हे मला ठाऊक आहे. मूळ काचेला पातं लावायचं नाही, आधी प्रत काढून तिच्यावर काय ती कारागिरी करायची, हेही ठाऊक आहे. पण पुढच्या आठवड्यात गावाला पडद्यावर चित्रं दाखवायची आहेत, आणि मला शेखी मिरवायची होती. डाग खरवडून टाकला; काचेवरचा थर निघाला की छापताना तिथं काळं उमटतं. दहा मिनिटांत दार काळंभोर. माझा हात फार साफ आहे.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार
हे लिहिताना स्वतःचीच लाज वाटते आहे.
दुपारी चर्चच्या सभागृहात कार्यक्रम झाला. इथली पद्धत अशी की पडद्यावरच्या प्रत्येक माणसाचं नाव कुणीतरी पुकारल्याशिवाय चित्र पुढे सरकवायचं नाही. म्हातारेकोतारे नुसते खुलले होते. हा आमचा आर्थरकाका, त्या टोपीखाली टक्कल आहे बरं का. ही मॉड, हिने दोघांना नादी लावलं आणि लग्न तिसऱ्याशीच केलं. चर्च स्ट्रीटवरच्या गाडीवानाचं नाव झालं, दोन पोरांची झाली. तेवढ्यात शहात्तर वर्षांच्या मिस थर्लो उभ्या राहिल्या. हातमोजे घालून, ठेवणीतला कोट घालून आल्या होत्या. म्हणाल्या, आणि दारात आमची आई. एप्रनचं पीठ झटकत होती म्हणून हलली. त्याच हिवाळ्यात गेली, तिचा दुसरा फोटो नाही. लहानपणी छायाचित्रकाराच्या दुकानात बघितला होता, तेव्हापासून पुन्हा बघायचा होता.
पडद्यावर नुसता काळोख. मला या कामावर बोलावणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष बॉरेट यांनी मला विचारलं. तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, मूळ काचेतही तिथं कुणी नाही, बाईंचा काहीतरी घोटाळा होतोय.
मागे कुणीतरी च्च केलं. मिस थर्लो माफ करा म्हणाल्या आणि बसल्या. मी चित्र पुढे सरकवलं.

१६ ऑक्टोबर, सोमवार
मिस थर्लोंचा भाचा डेनिस येऊन माझे आभार मानून गेला. मावशी अलीकडे विसरते, पण आम्ही मनावर घेत नव्हतो, म्हणाला, तुमच्यामुळे डोळे उघडले. शनिवारी तिला वृद्धाश्रमात ठेवणार, घराला कुलूप. मी म्हणालो, काळजी घ्या.
खरं सांगायला बाईंच्या फाटकापर्यंत गेलो आणि पाय मागे घेतला. परत येऊन खाटकाच्या दुकानाची प्रत धुतली. त्याच्या दारात बाईएवढा काळा आकार आहे. भर उन्हातलं चित्र. काचेवर परवा काही नव्हतं.

१७ ऑक्टोबर, मंगळवार
पुन्हा गेलो. त्यांनीच हाक मारली, चहा दिला. म्हणाल्या, मीच चुकले असेन रे बाबा, सगळ्यांसमोर तुला उगाच अडचणीत टाकलं. मी केकचे दोन तुकडे खाल्ले आणि गप्प उठलो.
आकार आता मिल लेनच्या प्रतीत आहे. भिंगाखाली पाहिला. कडेला बारीक उभ्या-आडव्या रेघा — माझ्याच पात्याच्या.

१९ ऑक्टोबर, गुरुवार
गेलो नाही. बाजारचौकाची प्रत काढली — आकार तिथं. धान्यबाजाराची काढली — तिथं. मी जितका गप्प, तितकी ती जवळ येते. उरली आमची गल्ली. ती काच पेटीतून काढवत नाही.

२० ऑक्टोबर, शुक्रवार
काढली. मिसेस गॅरडच्या दारात उभी आहे. तोंड आतल्या बाजूला.
उद्या सकाळी सांगेन. नक्की सांगेन. बॉरेटनाही, डेनिसलाही.

२१ ऑक्टोबर, शनिवार
धावत गेलो. गाडी निघून गेलेली. डेनिस म्हणाला, मुकाट बसली हो. गाडीत चढताना एवढंच म्हणाली, दारात आई नव्हतीच, मी पुन्हा तसं म्हणणार नाही, मला घरी राहू द्या.
तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. बॉरेटकडेही गेलो नाही. मान खाली घालून सरळ घरी आलो.

दुपार
मिसेस गॅरड खालून विचारताहेत, पाहुण्या बाईंना चहा हवा का. कुणी आलेलं नाही. जिन्यात — चढण्याचा आवाज नाही, खरवडल्याचा —
बॉरेटना चिठ्ठीत सगळं लिहून खाली माझं नाव घातलं. अक्षरं कागदावरून निघून गेली. भुकटी उरली. बोटांची टोकंही खरवडली गेलीत — त्या दारासारखी काळीभोर —
माझं नाव गेलं तर जाऊ दे. तेवढं एक लिहून होऊ दे. बॉरेट, मिस थर्लो खरं बोलत होत्या. दारात त्यांची आई उभी होती. तिला मी ख—