द्वारा, फ्लॅट नंबर सहा

३ जानेवारी
नव्या वर्षाचे संकल्प: साडेपाचला उठणे, फिरणे, कमी बोलणे. तिसरा पाळला गेला, कारण घरात दुसरं कोणी नाही. उठलो आठला. थंडी फार.
बसस्टॉपच्या बाकावर राहणारे पेंटर भेटले. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आता पाट्या मशीनवर छापतात आणि पेंटर बाकावर. पालिकेच्या निवारा योजनेत खोलीसाठी अर्ज करायचाय, पण अर्जात पहिलाच रकाना 'पत्ता'. ज्याला घरच नाही त्याने पत्ता आणायचा कुठून? मी तिथल्या तिथे म्हणालो, माझा लिहा, 'द्वारा' म्हणून माझं नाव टाका. आपण समाजाचं काही देणं लागतो. दिवसभर छाती फुगलेली.

६ जानेवारी
जिन्याजवळची माझी पत्रपेटी पेंटरांनी रंगवून दिली. वर माझं नाव, खाली त्यांचं. काय अक्षर! माझं नाव इतकं भारदस्त आहे हे चौसष्ट वर्षांत कळलं नव्हतं.

१५ जानेवारी
पेटीत तीन पत्रं! तिन्ही पेंटरांची. एक बहिणीचं, एक जुन्या मित्राचं, एक पालिकेचं: १२ फेब्रुवारीला अधिकारी पत्ता तपासायला येणार, पत्ता खरा निघाला तर खोली मिळणार. मला काही नाही. मुलगी पत्र लिहीत नाही, मेसेजवर अंगठा पाठवते. बिझी असते.
थर्मासमध्ये चहा घेऊन बाकावर गेलो. पेंटरांनी बहिणीचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटी तिने विचारलंय, पत्ता देणारे ते दादा एकटेच राहतात ना? जेवतात का नीट? विचारलंच आहे, म्हणून आज ताट वाढून घेऊन टेबलावर बसून जेवलो.

२१ जानेवारी
सेक्रेटरी बाईंनी लिफ्टपाशी गाठलं. म्हणाल्या, काका, ही सोसायटी आहे, धर्मशाळा नाही. उद्या अख्खा बसस्टॉप तुमच्या पेटीवर नाव लावेल. २८ तारखेच्या सभेत विषय ठेवलाय. मी सडेतोड उत्तर दिलं. म्हणजे 'बरं' म्हणालो, पण ज्या टोनमध्ये म्हणालो तो त्यांना झोंबला असणार.
भाषण लिहायला घेतलं. विषय: व्यक्तीचा हक्क आणि सोसायटीचं कर्तव्य.

२५ जानेवारी
भाषण अकरा पानं झालं. आरशासमोर म्हणून पाहिलं. चौथ्या पानावर मीच टाळ्या वाजवल्या, सभेचं काय होईल! पेंटरांना सांगून आलो, तुमच्या नावाला कोणी हात लावू शकत नाही. ते म्हणाले, माझ्यापायी भांडू नका हो साहेब. मी नुसता हसलो. माझं पाणी अजून कोणी जोखलेलं नाही.

२८ जानेवारी
सभा. विषय तिसरा: पत्रपेट्यांवर फक्त रहिवाशांचीच नावं. बोलायला म्हणून हात वर केला. नेमक्या त्याच वेळी सेक्रेटरी बाई विचारत होत्या, ठरावाच्या बाजूने कोण कोण? हात मोजला गेला. ठराव एकमताने मंजूर. चष्मा सापडून पहिलं पान उघडेपर्यंत चहा आला. निषेध म्हणून एकच बिस्किट घेतलं.

२९ जानेवारी
लेखी हरकत घेणार. उद्याच. टाईप करून.

४ फेब्रुवारी
हल्ली मागच्या गेटने जातो. लांब पडतं, तेवढाच व्यायाम. बाकाशी याचा काही संबंध नाही.
पेट्यांना करडा रंग लावला असं वॉचमन म्हणाला. बघायला गेलो नाही. रंगाच्या वासाचा त्रास होतो.
हरकत: अजून टाईप व्हायची आहे.

१२ फेब्रुवारी, सकाळी ११
आज अधिकारी येणार. खाली जाऊन समक्ष सांगणार: पत्ता माझा, पेटी माझी, खोडायचंच असेल तर माझं नाव खोडा!
११.४०
बाल्कनीतून दिसतोय. हातात फाइल. वॉचमन मान हलवतोय. सेक्रेटरी बाईपण आहेत. पेंटर गेटबाहेर उभे, केस ओले करून विंचरलेले. माझ्या चपला सापडत नाहीत.
११.५५
सापडल्या. पायातच होत्या. अधिकारी गेला.

१३ फेब्रुवारी
पेंटर बराच वेळ बाकावरून वर बघत होते. माझ्याच बाल्कनीकडे असं नाही, वर आभाळही आहे. पडदा ओढून घेतला.
लाज वाटते. (हे वाक्य नंतर खोडणे.)

९ मार्च
अखेर पुढच्या गेटने. थर्मास घेऊन. बाक रिकामा.
समोरच्या लाँड्रीवाल्या ताईंना विचारलं. म्हणाल्या, पेंटरांना खोली मिळून पंधरा दिवस झाले. त्या दिवशी ताईंनीच अधिकाऱ्याला रस्त्यात गाठून आपला पत्ता लिहून दिला होता. लाँड्रीमागच्या एका खोलीत सहा जण राहतो आम्ही, त्यात अजून एक नाव काय जड होणार? मी म्हणालो, तुम्हाला सभा नसते, म्हणून जमतं. त्या शर्टाची कॉलर इस्त्री करत राहिल्या.
मग म्हणाल्या, पेंटरांनी तुम्हाला पत्र टाकलं होतं, ते परत गेलं. द्यायला आले तर वॉचमनने वर सोडलं नाही, म्हणून इथे ठेवून गेलेत. लिफाफ्यावर माझं नाव, त्याच अक्षरात. खाली पोस्टमनचा शेरा: पत्त्यावर या नावाचे कोणी नाही.
आत लिहिलंय, बहीण खोली बघायला येतेय, तुम्हाला भेटायचं म्हणते, दादांनी २ मार्चला जेवायला यायचंच.
२ मार्चला मी काय करत होतो? डायरी कोरी आहे.
परत येताना पेटी पाहिली. वरपासून खालपर्यंत करडी. रंगाऱ्याने कोण रहिवासी, कोण नाही, ते बघितलेलं नाही. महिनाभर मला पत्ताच नाही.

दुपारी ४
ताई सकाळी म्हणाल्या होत्या, तुमची पत्रं अशी परत जात असतील तर माझ्याकडे मागवा. मी म्हणालो होतो, छे, मला माझा कायमचा पत्ता आहे, तरी विचार करून सांगतो.
आत्ता सांगून आलो. द्वारा लाँड्री, बसस्टॉपसमोर.