बेडरूमचं दार

चि. यतीन,

या खेपेला आशीर्वाद लिहीत नाही.

स्कॉटलंडात डनबारचा पडका किल्ला बघायला तूच नेलंस. सातशे वर्षांपूर्वीच्या अ‍ॅग्नेसबाईची गोष्टही तूच सांगितलीस. नवरा बाहेर, किल्ल्याला इंग्रजांचा वेढा. त्यांनी तिच्या भावाला तटाखाली उभं केलं आणि म्हणाले, दार उघड, नाहीतर याला मारतो. ती म्हणाली, मारा. तू हसलास, "कसली बहीण ही!"

रविवारी सकाळी तू बायकोचा, चैत्रालीचा, जबडा फोडलास. तिला आणि तुमच्या ईराला मी बेडरूममध्ये ओढलं, दाराला कपाट लावलं. लाथांनी तू दाराची फळी फोडलीस. भोकातून दिसलास, सुरी स्वतःच्याच गळ्याला. "आई, उघड, नाहीतर कापून घेतो!"

मी म्हटलं, "काप."

कापलं नाहीसच. सुरीसकट हात आत घातलास. ईराच्या सोमवारच्या शाळेच्या कपड्यांसाठी तिथेच इस्त्री तापलेली होती. ती मी तुझ्या हातावर दाबून धरली. कातडीचा वास अजून नाकातून जात नाही.

पोलिसांना तू सांगितलंस, चैत्रालीने भाजलं. म्हणजे ती तुरुंगात आणि पोर तुझ्याकडे. उद्या इथल्या वॉटफर्डच्या पोलीस ठाण्यात जाऊन सांगणार आहे, इस्त्री माझ्या हातात होती. गेल्या वर्षी तिची किंकाळी ऐकून मी टीव्हीचा आवाज वाढवला होता, तेही सांगणार आहे.

हे पत्र टपालात टाकणार नाही. माझं अक्षर दिसलं की तुला वाटेल, म्हातारी विरघळली.

ईराची आजी