भिंगऱ्याची मापं

बिदर, १९६८

तीर्थस्वरूप हणमंतप्पा मामांस, निंगप्पाचे शरणू शरणार्थी. इकडे सगळे खुशाल. तुमचा गुडघा आणि मामींचा खोकला कसा आहे ते कळवावे. तुमच्या भिंगऱ्या बैलाची खुशाली मात्र विचारायला जीभ रेटत नाही, कारण हे पत्र त्याच्याचपायी लिहितो आहे.

मागच्या महिन्यात मी दुबलगुंडीला येऊन त्याला टेप लावली, तेव्हा तुम्ही विचारलंत, "कामून मोजायलास रे?" मी म्हणालो, "सहज." ते सहज नव्हतं मामा. आमच्या ऑफिसला गुरांच्या दवाखान्यासाठी वळू घ्यायचा आहे. सरकारी खरेदीत आधी कसा वळू हवा ते लिहून द्यावं लागतं (उंची, छाती, शिंगं, स्वभाव), आणि त्याबरहुकूम असेल तोच घेतात. मी शेतकऱ्याच्या घरचा म्हणून साहेबांनी हे काम माझ्या गळ्यात घातलं. गावात आल्याबरोबर मी आधी देवाला सोडलेल्या वळूलाच मोजायला गेलो होतो. त्याने मला कडब्याच्या गंजीवर चढवलं (माझी एक चप्पल अजून तिथेच असेल, मामींना सांगू नका). खाली उतरून घरी आलो, तर दारात तुमचा भिंगऱ्या रवंथ करत उभा. तो खच्ची केलेला बैल आहे, वळू नव्हे, एवढं मला कळत होतं. पण त्या वळूकडे परत जायची छाती नव्हती, आणि कागदावर उतरल्यावर कोण मागे वाकून बघणार, असं वाटलं.

स्वभाव तर मी अगदी मन लावून लिहिला. शांत, दावं न तोडणारा, शेजारी गाय बांधली तरी मान वर न करणारा. साहेबांनी खूश होऊन सही ठोकली. परवा जिल्ह्यातले वळू आले, एकेक देखणं जनावर. गाय समोर आणली की उसळायचं, आणि साहेब म्हणायचे, "कागदात बसत न्हाई, परत न्या." टेप धरून मीच उभा होतो, लाजेने मान वर होईना. शेवटी साहेब मला म्हणाले, "असला वळू कुठंतरी बघितल्याबिगर लिहिलास व्हय?" आणि माझ्या तोंडून तुमचं नाव गेलं.

साहेबांना खरं सांगायला दोनदा उठलो आणि पाणी पिऊन परत बसलो. तुमच्या घरची भाकरी खाऊन तुमच्या दारात ही पीडा पाठवली, याची फार लाज वाटते. तुम्हाला तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

आपला भाचा,
निंगप्पा

ता. क. मंगळवारी साहेब खरेदी कमिटी घेऊन तुमच्याकडे येत आहेत. बैल बघितला की माझी नोकरी गेली. तुम्ही कधी खोटं बोलत नाही हे माहीत आहे, तरी पाया पडून सांगतो, एकदाच बोला. भिंगऱ्या मी मोजला तेव्हा वळूच होता, मागच्या आठवड्यात खच्ची केला, असं सांगा. गाव तुम्हाला चार दिवस वेडं म्हणेल, तेवढं माझ्यासाठी सोसा.

ता. क. दुसरा. हे सांगताना भिंगऱ्याला परसात नेऊन बांधा. त्याच्या देखत नको.