पोटातला पंप आणि पांढरी विजार

प्रिय सोलांजताई,

तुला आणि लीलच्या त्या न थांबणाऱ्या पावसाला धाकट्या फिर्मांचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? (दुखत नाहीत असं लिहू नकोस, मी तुझाच भाऊ आहे.) इथे सेतमध्ये सगळं ठीक. मीही ठणठणीत.

तर झालं काय, आमच्या नौका-झुंज मंडळाचे जुने अध्यक्ष वारले. (समोरच्या नावेतल्या गड्याला भाल्यानं कालव्यात पाडणं, हीच त्यांची आयुष्यभराची देशसेवा.) त्यांच्यासाठी सगळे माना खाली घालून उभे, आणि कुठूनतरी पीं पीं. मंडळातल्या ऑनोरेनं डोळे वटारून एकेकाचा मोबाइल बंद करायला लावला, अध्यक्षांच्या बायकोचासुद्धा. तरी पीं पीं. शेवटी त्यानं माझ्या पोटाला कान लावला आणि ओरडला, "अरे, हा तर आपला फिर्मां वाजतोय!" सगळे हसले. मला मात्र घाम फुटला. कातडीखाली बसवलेला तो इन्सुलिनचा पंप (बूटपॉलिशच्या डबीएवढा, विसरली नसशील) उगाच वाजत नाही.

मोंपेलिएच्या इस्पितळात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बॅटरी संपत आली. मी म्हटलं, मग नवा बसवा. तर म्हणे कंपनीनं बनवणंच बंद केलंय. आता हा काढायचा आणि पुन्हा सुया टोचायच्या. (बाहेरून चिकटवायचं यंत्रही आहे म्हणे. पण माझ्या कातडीखाली इन्सुलिन कधी धड मुरलंच नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? साखर उतरली तरी मला पत्ता लागायचा नाही. म्हणून तर पंप नव्हता तेव्हा तू पहाटे तुझ्या खोलीतून मधल्या भिंतीवर ठोकायचीस, आणि मी उलट ठोकलं नाही की साखरपाणी घेऊन धावायचीस.)

बातमी मंडळात पोचली आणि काय सांगू, उत्सवच! ह्या पंपापायीच डॉक्टरांनी माझी झुंज बंद केली होती ना. ऑनोरेनं कडकडून मिठी मारली. "सुटलास लेका! आता ऑगस्टात ढाल धरायची!" त्याच्या बायकोनं माझी झुंजीची जुनी पांढरी विजार कमरेत सैल करून आणली. (बरीच सैल करावी लागली, हे तिनं अख्ख्या गल्लीला सांगितलं.) जो तो अभिनंदन करतोय. बेकरीवालीनं तर बळेच हातात गोड पाव कोंबला, मधुमेहवाल्याच्या! मीही हसतो. एवढी वर्षं पोटावर हात ठेवून निर्धास्त झोपलो, ते ह्या लोकांना कसं समजावू? मला भीती वाटते गं ताई.

असो. बाकी सगळं छान, काळजी करू नकोस.

तुझा,
फिर्मां

ता. क. : तुझ्या आवडीच्या ऑक्टोपस भरलेल्या तिएल पाठवणार होतो. पण वाटेत शिळ्या होतील. इथेच येऊन खा.

ता. क. २ : मी ऑगस्टात झुंजणार नाही. ऑनोरेला सांगायची माझी छाती नाही. तू सांग, तुला तो घाबरतो.

ता. क. ३ : पंप गुरुवारी काढतायत. बुधवारी येशील? तुझी खोली झाडून ठेवली आहे. मधल्या भिंतीला टेकलेलं कपाटही सरकवलंय.